कॉट वाजल्याशिवाय

"मी उतरणार न्हाई," असं म्हणून घोरपड्यांनी कॉटचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. जसा काही मी त्यांना उचलून खिडकीतनंच टाकणार होतो.

"अहो, बरे झालात तुम्ही! टाके कोरडे, ताप नाही, डिस्चार्जचा कागद हा बघा माझ्या हातात. खाली जावई रिक्षा घेऊन सकाळपासून उभाय."

"उभा राहू दे. सगळी नोकरी एसटीत काढली मी, तोडकर. कंडक्टरनं डबल बेल दिल्याबिगर ड्रायव्हर गिअर टाकत नसतोय."

"मग आणू का घंटा? देवळातली आणतो, चालेल?"

"तुमची घंटा काय कामाची? थोरल्या डॉक्टरांनी माझी कॉट अजून वाजवली न्हाई."

पलीकडच्या कॉटवरचा, त्याच्या पलीकडचा, सगळे माना डोलवायला लागले. कुणीतरी कोपऱ्यातनं म्हणालंही, "बरोबर हाय की." मी लोंढे सिस्टरांकडं बघितलं. त्या टेबलावर खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या, पण खांदे हलत होते. हसत होत्या बाई.

मी जिना उतरलो तो स्वतःलाच शिव्या देत. वर वॉर्डाच्या दारावर लाल दिवा लागलेलाच होता.

त्या दिव्याचं सांगतो. आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, तालुक्याच्या गावातलं, भोवती गुऱ्हाळं आणि उसाची शेतं. मी तिथं रेकॉर्डचा कम्प्युटरवाला. तळघरात बसायचं, आलेल्या-गेलेल्या पेशंटची नोंद करायची आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढायच्या, एवढंच माझं आयुष्य. औषधांच्या दुकानातल्या कुलकर्ण्याच्या ड्रॉवरमध्ये रबरी पाल ठेवणे, ट्रस्टींच्या आवाजात कॅन्टीनला फोन करून शिरा मागवणे, असली कामं मी मनापासून करायचो. मग पुण्याहून केतकर मॅडम आल्या. प्रशासक म्हणून. हुशार बाई, आणि खोटं कशाला बोला, मेहनतीही. त्यांनी माझ्याकडची सगळी नोंद बाहेर काढायला लावली. कोणत्या वॉर्डात माणूस आला कधी, गेला कधी, सरासरी किती दिवस राहिला. त्याचे तक्ते केले आणि प्रत्येक वॉर्डाच्या दारावर दिवा बसवला. मुक्काम आटोक्यात असेल तर हिरवा, नसेल तर लाल.

बाकी सगळे वॉर्ड एकेक करून हिरवे झाले. तीन नंबर, म्हणजे सर्जरीचा जनरल वॉर्ड, लाल तो लालच.

मॅडमचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ही खरी पंचाईत. खाली ओपीडीच्या बाकावर हर्निया हातानं दाबून धरलेली माणसं बसलेली असायची आणि त्यांना सांगावं लागायचं, कॉट नाही, परत जा. आणि वर बरी झालेली माणसं कॉटला गोचिडासारखी चिकटलेली! ट्रस्टींनी तर ठरवूनच टाकलं होतं: दिवाळीपर्यंत तीन नंबर हिरवा झाला नाही तर तो वॉर्ड बाहेरच्या कंपनीला द्यायचा. ते सकाळी कापून संध्याकाळी घरी पाठवणार, आणि पैसेही तसेच घेणार. मगदूम सरांना शाल आणि नारळ.

मगदूम सर म्हणजे ते थोरले डॉक्टर. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, आवाज नाकातला. ऑपरेशनं त्यांनी कधीच सोडली होती, ती आता इनामदार नावाचे तरुण डॉक्टर करायचे. पण मंगळवारी आणि शुक्रवारी सर काठी टेकत राउंडला यायचे. प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी उभे राहायचे, माणसाकडं बघायचे, आणि मुठीनं कॉटच्या दांड्यावर दोन दणके घालायचे. धाड, धाड. मग दोनच निकाल. एक तर "लाग वाटेला." नाही तर "शुक्रवारी बघू." शुक्रवार असला तर "मंगळवारी बघू." बस्स. सगळ्या पंचक्रोशीत पक्कं झालेलं होतं की थोरल्या डॉक्टरांनी कॉट वाजवली की दुखणं गेलं, आणि न वाजवता जो घरी गेला तो परत आला.

हे माझ्या तक्त्यात धडधडीत दिसत होतं. तीन नंबरची माणसं घरी जायची ती मंगळवारी आणि शुक्रवारी. मधले वार रिकामे. आलेखात दोनच सुळके, तोंडात दोनच दात उरल्यासारखे. मी मॅडमना दाखवलंही.

"पण कारणाच्या रकान्यात तर 'नातेवाईक आले नाहीत' असं आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ते यादीत पहिलं येतं. बिलिंगवाला पोरगा तेच दाबतो. यादीत खाली जायचा त्याला कंटाळा."

"तोडकर, आपण डेटावर चालायचं. ऐकीव गोष्टींवर नाही."

डेटाच सांगत होतो की मी! पण बाईंनी 'नातेवाईक' धरून ठेवले. मग सुरू झाले उपाय. पहिला उपाय, नातेवाइकांना आदल्या दिवशी फोन. नातेवाईक आले, गाड्या आल्या, पेशंट संडासात जाऊन आतनं कडी लावून बसले. दुसरा उपाय, निरोपकक्ष. खाली एका खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, टीव्ही, पेपर आणि फुकट चहा. कल्पना अशी की डिस्चार्ज झालेल्यानं कॉट सोडून तिथं येऊन बसावं, गाडीची वाट बघावी. झालं काय, तर पेशंट कॉटवरच राहिले, आणि खाली त्यांच्या नातेवाइकांनी खुर्च्या धरल्या. आधी फक्त कॉट अडकायची, आता चहाही संपायला लागला.

"दिवाळी किती दिवसांवर आली, तोडकर?" लोंढे सिस्टर विचारायच्या. हसणं कमी झालं होतं त्यांचं. "सरांना सांगितलंय का कुणी?"

"कुणी सांगायचं? तुम्ही सांगा."

"मी? त्यांच्या हाताखाली नर्स झाले मी. तुम्हीच सांगा की, एवढ्या सगळ्यांच्या खोड्या काढता."

नाही झाली हिंमत. ना त्यांची, ना माझी.

घोरपड्यांच्या त्या प्रसंगाच्या दिवशी मी जिना उतरून खाली आलो, तर ओपीडीच्या दारात एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, "चल, न्हाई म्हणत्यात आजपण." तिसऱ्यांदा परत चालले होते. बुधवार होता तो. म्हणजे घोरपडे आणि त्यांच्यासारखे बाकीचे शुक्रवारपर्यंत हलणार नाहीत. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. तळघरात आलो, दार लावलं, नाक दोन बोटांत धरलं आणि तीन नंबरला फोन लावला.

"सिस्टर. मगदूम. घोरपड्याकडं दे फोन."

"हो सर. देते सर." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लांब वायर ओढत नेल्याचा.

"नमस्कार डॉक्टर," घोरपडे.

"काय रे घोरपड्या, किती दिवस पडून राहणार फुकटचं?"

"न्हाई डॉक्टर, पण कॉट..."

"ऐक." मी रिसिव्हर टेबलाजवळ धरला आणि मूठ आपटली. धाड, धाड. टाचण्यांची डबी उलटली, सगळ्या टाचण्या मांडीवर. "लाग वाटेला."

चहा पिऊन होतो न होतो तोवर तळघराच्या छोट्या खिडकीतनं जावयाची रिक्षा जाताना दिसली. मागं घोरपडे, मांडीवर पिशवी, चेहरा असा प्रसन्न की पालखीतनं चाललेत.

आणि माझं दार उघडून लोंढे सिस्टर आत.

"मेल्या, मी उभी राहिले! फोनवर, खुर्चीतनं, ताडकन उभी राहिले मी!"

"बसा ना आता."

"देव बघतोय, तोडकर. गणपतीत त्यांचा आवाज काढलात, हसलो आम्ही. पण हे? आजारी माणसाशी?"

"आजारी कोण? इनामदारांनी कागद दिलेलाच होता. मी फक्त डबल बेल दिली. कॉट रिकामी झाली का नाही?"

सिस्टरांनी पदरानं, म्हणजे पांढऱ्या साडीच्या पदरानं, मानेवरचा घाम पुसला. माझ्या टेबलावरच्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या.

"सात नंबरच्या कॉटवरचापण कागद झालाय," शेवटी म्हणाल्या. "त्याला दुपारी लावा. आत्ता जेवतोय तो."

तिथनं पुढं गाडी सुटलीच. रोज सकाळी इनामदारांनी कागद दिला की सिस्टर मला खूण करायच्या, मी नाक धरायचो, आणि एकेक गडी पिशवी उचलायचा. बाकावरची माणसं वर यायला लागली. आणि एक दिवस तीन नंबरच्या दारावरचा दिवा हिरवा झाला. मॅडम स्वतः बघायला आल्या. मला बोलावलं, पेढा दिला.

"बघितलंत तोडकर? निरोपकक्षाचा परिणाम दिसायला थोडा वेळ लागतो. लोकांना चहा मिळाला, मान मिळाला, की लोक ऐकतात."

पेढा घशात अडकला माझ्या. चहा! त्या निरोपकक्षात तेव्हा डिस्चार्जचं एकसुद्धा माणूस बसत नव्हतं. बसत होतं ते घोरपडे! हॉस्पिटलपासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. रोज सकाळी टोपी घालून यायचे, फुकटचा चहा, फुकटचा पेपर, आणि जो समोर बसेल त्याला एसटीच्या गोष्टी. मी दोनदा उठवलं.

"मी इथला डिस्चार्ज झालेला पेशंट हाय का न्हाई?" त्यांचं म्हणणं.

"झालेला. होऊन महिना होत आला."

"मग बसायचा हक्क हाय माझा."

डोकं धरून खाली आलो.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मी बघत होतो आणि न बघितल्यासारखं करत होतो. एका मंगळवारी सर राउंडला आले. वॉर्डात सगळे परवा-काल कापलेले, नवे. घरी जाण्यासारखं कुणीच नाही. सर एका कॉटपाशी थांबले, मूठ अर्धी उचलली, त्यावरच्या पोराच्या नळीकडं बघितलं आणि खाली घेतली. पुढची कॉट, तेच. शेवटच्या कॉटपर्यंत गेले आणि म्हणाले, "छान. चांगलं चाललंय." शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी आलेच नाहीत. मुलाचा फोन आला, बाबांचा गुडघा दुखतोय.

"गुडघा," लोंढे सिस्टर म्हणाल्या. "तीस वर्षं गुडघा दुखतोय त्यांचा." आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी स्वतःशी म्हणायचो, त्यांचाच वॉर्ड वाचवतोय ना? मग?

त्यानंतरचा शुक्रवार. दुपारी ट्रस्टींची बैठक होती आणि त्यात तीन नंबरचा निकाल लागणार होता. दिवा हिरवा होता, पण अगदी काठावर. वॉर्डात बाळू आवटी म्हणून एक गुळव्या होता. अपेंडिक्स फुटून आलेला. हा मात्र बाकीच्यांच्या उलटा. याला घरी जायची घाई. गुऱ्हाळ पेटलेलं, आणि रस कधी उतरवायचा हे त्याच्याशिवाय कुणाला कळायचं नाही, दोन कढया बिघडल्या म्हणे. इनामदारांनी विचारलं, दुखतंय का? "अजाबात न्हाई." भूक? "दोन भाकरी हाणल्या." ताप नव्हता. इनामदारांनी कागद दिला.

"आज शुक्रवार आहे," सिस्टर फोनवर हळू आवाजात म्हणाल्या. "सर येतील कदाचित."

"मंगळवारी कुठं आले? आणि तो स्वतः जातो म्हणतोय. आकडा बसतो त्याच्यानं आजचा. द्या फोन."

नाक धरलं. धाड, धाड. "लाग वाटेला, बाळू."

"लागलोच बघा, डॉक्टर!"

मी हात झटकले. दुपारच्या बैठकीचे तक्ते छापायला घेतले. आणि जिन्यावर काठीचा आवाज आला. टक... टक... तळघरात कोणी कधी येत नाही. काठी घेऊन तर नाहीच.

दार उघडलं. मगदूम सर.

"तोडकर," सर म्हणाले. खुर्ची ओढून बसले. दम लागला होता. "वर निरोपकक्षात घोरपडे भेटला मला. चहा पीत होता. म्हणाला, डॉक्टर, तुमचा फोनवरचा आवाज लई खणखणीत, आज बसल्यासारखा वाटतोय."

माझ्या हातातला कागद प्रिंटरमध्ये वाकडा गेला.

"मी त्याला कधी फोन केलेला नाही. मग विचार केला, ह्या हॉस्पिटलात माझ्यापेक्षा चांगला मगदूम कोण आहे?" काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघत राहिले. "काढ."

"सर..."

"काढ म्हणतोय ना. मला ऐकायचाय."

काय करणार? नाक धरलं. "काय रे, किती दिवस पडून राहणार फुकटचं? लाग वाटेला."

सरांनी डोळे मिटले होते. "एवढा नाकात बोलतो मी?"

"थोडा."

"बायको म्हणायची." मग डोळे उघडले. "आणि दणके? ते कशावर घालतोस?"

"टेबलावर, सर."

"टेबलावर." हसतील असं वाटलं होतं मला, किंवा काठी हाणतील. दोन्ही नाही. "मी कॉट कशासाठी वाजवतो रे?"

"म्हणजे... लोकांची श्रद्धा आहे. तुमचा हात."

"अरे गाढवा! पोटात आत कुठं पू असेल ना, तर कॉटला हिसका बसला की कळ उठते. माणूस तोंडानं काही सांगू दे, घरी जायचं म्हणून खोटं बोलू दे, पण दणका बसला की चेहरा हलतो. भुवई, ओठ, कुठंतरी. हातात काही नाही रे माझ्या, मी चेहरा बघतो. म्हणून तर पायथ्याशी उभा राहतो."

चाळीस वर्षं हा माणूस सगळ्यांसमोर तपासणी करत होता आणि सगळं हॉस्पिटल त्याला आशीर्वाद समजत होतं.

"आज कुणाला सोडलंस टेबल वाजवून?"

"एकच, सर. आवटी. अपेंडिक्स फुटून आलेला."

"दुखत नाही म्हणाला तो?"

"अजिबात नाही म्हणाला."

सर उठले. सत्तरीतला, गुडघे गेलेला माणूस माझ्या आधी दारात पोचला. मी पुढं पळालो. जिन्यात पाय घसरला, गुडघा फोडून घेतला. अंगणात गुऱ्हाळाची जीप उभी होती, इंजिन चालू, ड्रायव्हर हॉर्न मारत. आत बाळू नव्हता.

"बाळू कुठाय?"

"मीपण त्यालाच हुडकतोय! मघापासनं हॉर्न मारतोय. कुठं बसलाय कुणाला ठाऊक!"

मी निरोपकक्षात घुसलो. कोपऱ्यात बाळू आवटी, हातात चहाचा कप, मांडीवर पिशवी, आणि त्याचा दंड घट्ट पकडून घोरपडे.

"...आणि मग मी म्हटलं ड्रायव्हरला, गाडी मागं घे, दूधगंगेला पाणी वाढलंय. तो म्हणतोय न्हाई. तर मी काय केलं, ऐक..."

"मामा, जीप आलीया. जाऊ द्या की मला."

"जाशील रं. आता तर खरी गंमत हाय."

त्या क्षणी घोरपड्यांच्या पायावर डोकं ठेवायचंच काय ते बाकी राहिलं. ज्या माणसाला हाकलायला मी महिनाभर डोकं फोडलं, त्यानंच बाळूला धरून ठेवलेलं.

सर मागनं आले, धापा टाकत. बाळू उठायला लागला.

"बस," सर म्हणाले. समोर उभे राहिले. इथं कॉट नाही, प्लास्टिकची खुर्ची. काठी मला दिली, आणि एक पाय उचलून खुर्चीच्या पायाला एक लाथ घातली.

"काय ओ डॉक्टर!" बाळू हसला. मोठ्यानं हसला. पण मी चेहरा बघत होतो. हसता हसता डाव्या डोळ्याखालची कातडी ओढली गेली, एका पळापुरती. माशी बसल्यासारखी.

"वर चल," सर म्हणाले.

"डॉक्टर, गुऱ्हाळ..."

"गूळ करपला तर करपला. वर चल."

संध्याकाळच्या आत इनामदारांनी बाळूला पुन्हा उघडलं. आत खोलात पुवाची पिशवी होती. गुऱ्हाळावर पोचला असता आणि चार दिवस भट्टीच्या धगीत उभा राहिला असता, तर काय झालं असतं ते इनामदारांनी सांगितलं नाही. हातातले मोजे काढून बराच वेळ हात धूत राहिले. मग सरांना म्हणाले, "सर, तुम्ही आम्हाला कधी सांगितलंच नाही."

"तुम्ही कधी विचारलंच नाही. मला वाटलं, दिसतंय ते." सर म्हणाले.

बैठक पुढं ढकलून दुसऱ्या दिवशी झाली. दिवा तोवर लाल झालेला होता. बाळू आता दिवाळी वॉर्डातच करणार होता. मॅडमचा चेहरा असा की कुणीतरी त्यांचा तक्ता फाडलाय.

"एका केसमुळे!" त्या म्हणाल्या. "अख्ख्या महिन्याची मेहनत, तोडकर. एका केसमुळे."

मग मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं. सुळके, संडासातल्या कड्या, नाक, टेबल, सगळं. ट्रस्टींपैकी एकजण हसले आणि बाकीच्यांकडं बघून त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मॅडमनी तक्ता पुढं ओढला आणि त्या दोन सुळक्यांवर बोट ठेवलं. माझी नोकरी जाणार हे मी धरूनच चाललो होतो.

"म्हणजे लोक दुखण्यासाठी थांबत नव्हते," त्या हळूहळू म्हणाल्या. "दणक्यासाठी थांबत होते. आणि दणका आठवड्यातनं दोनदाच."

"मॅडम, हेच तर मी पहिल्या दिवशी सांगत होतो!"

"मग दणका रोज घाला की," कोपऱ्यातनं सर म्हणाले. "मी कुठं म्हटलं हात माझाच पाहिजे? फक्त चेहरा बघायला शिका."

ट्रस्टींनी तीन महिन्यांची मुदत दिली. सरांनी लोंढे सिस्टरांना आणि इनामदारांना कॉटच्या पायथ्याशी उभं करून शिकवलं. पण पेशंट कुठले ऐकायला! नर्सनं कॉट वाजवलेली कुणाला चालेना. शेवटी असं ठरलं की रोज सकाळी सर घरनं फोन करतील, खरेखुरे, सिस्टर दांड्यावर मूठ घालतील, चेहरा बघून सरांना सांगतील, आणि मग सर फोनवर निकाल देतील. आणि लोकांची तक्रार काय, तर आवाज आधीचाच बरा होता. अहो, तोंडावर सांगायचे माझ्या! "हल्ली डॉक्टरांच्या आवाजात ती मजा ऱ्हायली न्हाई."

माझी नोकरी राहिली. दिवा हिरवा झाला तो हिरवा टिकला. मॅडमनी पुण्याच्या कुठल्याशा परिषदेत त्याच्यावर भाषण केलं, बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. निरोपकक्षाच्या खुर्च्यांचा! आणि मधल्या खुर्चीत, टोपी घालून, कप हातात घेतलेले घोरपडे. तो पेपर मी चुरगळून फेकला होता, मग परत उचलून सरळ केला.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लोंढे सिस्टर मुलाकडं सांगलीला गेल्या. मॅडम मोठ्या हॉस्पिटलात. मी आहे तिथंच, तळघरात. गेल्या पावसाळ्यात तीन नंबरवरनं निरोप आला, थोरले डॉक्टर बोलावतायत. ह्या वेळी ते कॉटवर होते. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, चेहरा एवढासा.

"तोडकर, इनामदारनं कागद दिला. सकाळी दणकापण घातला त्यानं. पास झालो मी." डोळ्यांत चमक होती. खोडकर. ती मला ओळखू येते. "पण म्हटलं, आपली डबल बेल तोडकरनंच द्यावी. घाल दणका आणि सोड. माझ्या आवाजात. घरी जायचंय मला."

मी पायथ्याशी गेलो. मूठ उचलली. धाड, धाड.

चेहरा दगडासारखा. भुवई नाही, ओठ नाही, काही नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे चेहरे वाचलेला माणूस, स्वतःचा कसा हलू देईल? इनामदार फसले त्यात काही नवल नाही. पण मी पायथ्याशी उभा होतो, आणि माझ्या समोर पातळ चादर होती. चादरीखाली पायाची दहाही बोटं एकदम आत वळली होती.

मी नाक धरलं.

"मंगळवारी बघू."

"हरामखोरा," सर म्हणाले, आणि हसायला गेले, आणि पोट धरलं.

मी इनामदारांना हाक मारायला बाहेर आलो. दारावरचा दिवा त्या आठवड्यात लाल झाला. होऊ दे म्हटलं.